सात सेंटीमीटर रेघेवरील युद्धाची बखर

श्रीशारदेस दंडवत घालोन, आणि यंदा तिच्या दारीं कोणी पालक भांडत न येवोत ऐसें मागोन, लेखनास आरंभ. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख वद्यपक्ष. एका राज्याचीं दोन राज्यें जाहलीं त्यास चार वर्षें लोटलीं होतीं. पूर्वेस राजश्री हेमंतराव, पश्चिमेस रोहिणीबाईसाहेब, आणि उभयतांची एकच कन्या शाल्मलीबाई, वय वर्षें तेरा. त्या सोमवार ते गुरुवार आईसाहेबांकडे आणि उरलेले दिवस बाबासाहेबांकडे मुक्काम करीत. तहाचें कलम ऐसें कीं, कन्येच्या विद्येचा खर्च निमेनिम आणि निर्णय उभयतांचे संमतीनें. मग निमेनिम ऐसें चाललें कीं, कवायतीचा सदरा आईसाहेबांनीं घेतला आणि विजार बाबासाहेबांनीं घेतली, आणि दोन्ही वस्त्रें आपापल्या राज्यांतोन हलेनात, आणि बाई दर बुधवारीं सदऱ्याखालीं मावशीच्या लग्नांतला घागरा लेवोन कवायतीस उभ्या राहत, आणि पोरें हसत, आणि बाई दांतओठ खात.

मग आठवीचे प्रवेशाचा प्रसंग आला. बाबासाहेबांनीं पोहण्याचा तलाव असलेली शाळा धरिली, आणि आईसाहेबांनीं आठवीपासोनच डॉक्टरकीची तयारी करविणारी धरिली, आणि बाईंस हवी होती सुतारकामाची कार्यशाळा असलेली तांत्रिक शाळा, जिच्या परीक्षेंत त्या पांचव्या आल्या होत्या. तीन आठवडे मोबाइलावर खलिते चालले. शेवटीं उभयतांनीं तांत्रिक शाळा मान्य केली, कारण ती दुसऱ्याची नव्हती.

अखेरचे दिवशीं, खिडकी बंद होण्यास पाव तास उरला असतां, दोन्ही फौजा शाळेंत दाखल जाहल्या. फॉर्माचे तळाशीं लिहिलें होतें, पालकाची सही. रेघ एकच.

"मी करते," आईसाहेब वदल्या. "रोजचा डबा मी देते."

"आणि शुक्रवार ते रविवार ती उपाशी असते का?"

"पिझ्झ्याला डबा म्हणत नाहीत, हेमंत."

मग बाबासाहेबांनीं बाईंच्या कंपासपेटींतोन पट्टी काढोन रेघ मोजिली, ती सात सेंटीमीटर भरली, आणि साडेतीन-साडेतीन ठरलें, आणि मग डावी बाजू कोणाची यावर रण पेटलें. रांगेंतले एक आजोबा म्हणाले, "अहो, वर-खाली करा की!" तेव्हां वर कोण, हा नवा मोर्चा उघडला.

खिडकींतील कारकूनबाई म्हणाल्या, "चार मिनिटं राहिली. बाराला मी शटर ओढणार. जेवायचंय मला."

तेव्हां शाल्मलीबाईंचें मस्तक फिरलें. चार वर्षांचा घागरा एकदम डोक्यांत गेला. त्यांनीं फॉर्म ओढिला आणि रेघेच्या या टोकापासोन त्या टोकापर्यंत स्वतःचें नांव ठोकोन दिलें.

"अगं, इथे सज्ञान पालकाची सही लागते," कारकूनबाई म्हणाल्या.

"शोधा," शाल्मलीबाई वदल्या. "सापडला तर मलाही दाखवा."

कारकूनबाईंनीं उभयतांकडे पाहिलें आणि पेन पुढें केलें. मग दोघांनीं कन्येच्या सहीखालीं, जेथें जागा सांपडली तेथें, अंग चोरोन सह्या केल्या. आधीं कोणीं केली हें कोणींच पाहिलें नाहीं. बारास एक मिनिट असतां शिक्का पडला.

सारांश, राज्यें अद्याप दोन, तह तोच, घागराही तोच. कार्यशाळेंत बाईंनीं पहिली वस्तु केली ती लाकडाची पट्टी. सेंटीमीटर सगळे चोख आखिले, मधल्या अर्ध्याची खूण एकही नाहीं.

"अर्धे कुठे गेले?" मास्तरांनीं पुसिलें.

"नकोत."