डॉक्टरांचा बुटका पलंग

आमच्या शेजारच्या सोनटक्के डॉक्टरांनी एके सकाळी सुतार बोलावला आणि चांगल्या सागवानी पलंगाचे चारही पाय कापून घेतले. मग टेबलाचेही. खुर्च्या तर त्यांनी सुताराच्याच गळ्यात मारल्या. तेव्हापासून त्यांच्याकडे गेलं की आपण सतरंजीवर आणि चहाही सतरंजीवर. माझे गुडघे कुरकुरतात आणि मी ते बोलूनही दाखवतो. "खाली बसायची सवय ठेवा, मास्तर," एवढंच उत्तर मिळतं.

डॉक्टर जनावरांचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन जव्हारलाच राहिले. मोखाड्याच्या बाजारात दिसले की लोक अजून म्हशीचं पोट आणि शेळीचा खूर त्यांना रस्त्यातच विचारतात. बायको गेलेली. मुलगी परदेशात, तिचा रोज संध्याकाळी फोन. घरात सोबतीला तिनंच इथं आणून ठेवलेली गुबगुबीत पांढरी मांजर, मनी. आमच्या आळीत तिला राणीसरकार म्हणतात, कारण ती कधी कुंपणावर चढलेली किंवा उंदरामागे धावलेली कुणी पाहिली नाही. डॉक्टर तिला कडेवर घेऊन अंगणात ऊन दाखवतात. शिवाय सकाळी आळीतल्या चुलींची राख मागून आणतात आणि पिठाच्या चाळणीनं चाळतात. "राखेच्या भाकऱ्या थापतात की काय!" माझी बायको म्हणाली, आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

गेल्या हिवाळ्यात दाभोशाचा रघू त्यांच्याकडे आला. मी तिथंच सतरंजीवर होतो. धबधबा बघायला येणाऱ्यांसाठी रघूनं कुडाची खोली बांधली होती. भिंत शेणामातीनं लिंपून, गेरू लावून, त्यावर तांदळाच्या पिठानं तारप्याचा नाच काढून घेतला होता, मधे तारपा फुंकणारा आणि भोवती नाचणारे. त्याच्या मांजरीला नखं घासायला नेमकी तीच भिंत पसंत पडली. म्हणून तिला कोंबड्यांच्या डालग्यात घालून तो जीपनं आला होता.

"काय सांगू डॉक्टर, तारपावाला तेवढा राहिला, नाचणारी सगळी खरवडली हिनं. पाहुणं काय बघतील? हिची नखां काढून द्या."

"आधी बोट दाखव," डॉक्टर म्हणाले.

नखांचा विषय निघाला की हे त्यांचं पालुपद. रघूनं बोट पुढं केलं. डॉक्टरांनी त्याचं शेवटचं पेर चिमटीत धरलं.

"मांजराचं नख ह्या हाडातून उगवतं. ते काढायचं म्हणजे अख्खं पेर तोडायचं. पुढच्या दोन्ही पायांची सगळी. तोडू?"

रघूनं बोट सोडवून घेतलं, पण हट्ट सोडेना. "जनावराला काय, भरून येल. तुम्ही नाय तर ठाण्याला नेतो. तिकडं करतात म्हणं."

"कुणी करत असेल तर गुन्हा करतो. जनावराला असं लुळं करायला आमच्या धंद्यात मनाई आहे. कायद्यातही बसत नाही."

तेवढ्यात मी शहाणपणा केला. "डॉक्टर, त्यापेक्षा तुमच्या राणीसरकारची शिकवणी लावा तिला. आपली कधी कुणाला ओरबाडत नाही!"

इतक्यात डालगं कलंडलं आणि रघूची मांजर खांबावरून सरसर थेट आढ्याला गेली. सतरंजीवरची मनी उठली. तिनं पुढचे दोन्ही पंजे खांबावर टेकले आणि घसरून खाली आली. पुन्हा टेकले, पुन्हा घसरली. मग ती नुसतीच वर बघत बसली. मला हसू येणार होतं, ते आलं नाही.

डॉक्टरांनी तिला उचलून तिचा पंजा रघूच्या हातावर ठेवला. "हळूच चेप. लागतंय का नख?"

रघूनं चेपलं आणि मनी त्याला कडकडून चावली.

"दातच उरलेत तिच्याकडे," डॉक्टर म्हणाले. "मुलीच्या घरमालकाची तिकडे अट होती, नखं काढा तर मांजर ठेवा. तिथला डॉक्टर म्हणाला, साधी गोष्ट आहे. हिचे पंजे अजून दुखतात. वाळू टोचते, म्हणून शी-शूला मऊ राख. उडी झेपत नाही, म्हणून..." त्यांनी पलंगाकडे हात केला.

रघू स्वतःचंच पेर चोळत बसला होता. "मंग माझ्या भिंतीचं काय?"

"भिंतीपुढं एक ओंडका रोव आणि त्याला काथ्या गुंडाळ. नखं घासणारच ती, तिला जागा दे. आणि नाचणारे या वेळी जरा उंचावर काढ."

सुकटीचं आमिष दाखवून दाखवून मांजर खाली उतरवली आणि रघू तिला नखांसकट घेऊन गेला. जाताना ओंडका कुठला घ्यावा यावर त्यानं आमचं डोकं खाल्लं.

संध्याकाळ झालीच होती. मुलीचा फोन आला. रोज ती काय विचारते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं.

"बाबा, मनी चढते का हो पलंगावर?"

"चढते की! रोज माझ्या पायाशी निजते."

पलीकडे ती रडत असावी, कारण डॉक्टर बराच वेळ "अगं, वेडी का तू?" एवढंच म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी त्या बुटक्या पलंगावर हात फिरवला. मनी एक पाय टाकून वर गेली आणि वेटोळं करून बसली.

"खोटं नाही ना बोललो, मास्तर?"

"छे हो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आमच्या चुलीतली राख माझ्या बायकोनं स्वतः चाळून त्यांच्याकडे नेऊन दिली.