दाजीबा अस्वलाला ठेवायचं कुठं?

मुलांनो, एका जंगलात दाजीबा नावाचं म्हातारं अस्वल राहायचं. जंगल आपल्यासारखंच सुधारलेलं होतं. म्हणजे तिथं मध शोधावा लागायचा, सल्ला मात्र दारात यायचा.

दाजीबा पाणवठ्यावर भाषणं करायचा. विषय ठरलेला, 'म्हातारपण हसत घालवा.' "पहाटे उठा, सूर्याकडे तोंड करा आणि मोठ्यानं हसा," असं तो सांगायचा. म्हातारी सांबरं माना डोलवायची.

मग त्याची बायको गेली.

दोन्ही मुलगे गुणी होते. जांभळीखाली बैठक बसली. पावसाळाभर आबा थोरल्याकडे, पुढं धाकट्याकडे, असं ठरलं. दाजीबा तिथंच बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. आपण अध्यक्ष असू, शेवटी बोलायचं असेल, असं त्याला वाटलं. तेवढ्यात बैठक संपली.

"आबा, तुम्ही फक्त बसा," थोरला म्हणाला. मध तोंडाशी आला. दाजीबा बसला. बसून बसून मध मातीसारखा लागायला लागला. झोप येईना आणि उठावंसंही वाटेना.

एका पहाटे त्यानं आपलाच उपाय करून पाहिला. सूर्याकडे तोंड करून मोठ्यानं हसला. नातवंडं किंचाळत आईमागं लपली. 'आपलं ऐकून किती घरांतली पोरं भेदरली असतील,' दाजीबाच्या मनात आलं.

पण उदास वाटतंय हे सांगायचं कसं? पोहायला शिकवणाऱ्यानं 'वाचवा' म्हणून ओरडायचं कसं?

मुलग्यांनी साळुंकीबाईंना बोलावलं. त्या मनाच्या जाणकार होत्या आणि ऐकता ऐकता बोलायच्या.

"एकटेपणा आहे. चारचौघांत ठेवा," त्या म्हणाल्या. सगळं घर दाजीबाभोवती येऊन बसलं.

"गर्दी होतेय. शांतता द्या." सगळे उठून गेले.

"जागा बदला." त्याला धाकट्याकडे नेलं. तिथली हवा मानवेना, म्हणून परत आणलं.

'पाटा-वरवंटासुद्धा इतका हलवत नाहीत,' दाजीबाला वाटलं. 'आणि त्याला निदान वाटायला काहीतरी देतात.'

शेवटी त्यानं खाणं सोडलं.

एक दिवस मुलगे बैठकीला गेले होते. विषय अर्थातच आबा. थोरली सून रखमा त्याच्याजवळ येऊन बसली.

"आबा, तुम्हाला स्वतःला राहायचंय कुठं?"



"माहीत नाही गं. कशातच मन लागत नाही. सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली."

रखमानं सल्ला दिला नाही. त्याच्या पाठीवर पंजा ठेवून ती बसून राहिली. मग दाजीबा रडला. म्हातारं अस्वल रडताना बरं दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी पोटभर रडला.

"माझ्या गुहेत राहीन," तो डोळे पुसत म्हणाला. "ओढा ओलांडून जेवायला तुमच्याकडं येईन. आणि मध माझा मी काढीन."

"झाडावरून पडलात तर?"

"पडेन."

"बरं. मग आम्ही उचलू," रखमा म्हणाली.

मुलगे कुरकुरले, पण दाजीबा गेला. मध काढताना पडलाही. माश्यांनी नाक सुजवलं. संध्याकाळी जेवताना ते नाक त्यानं सगळ्यांना कौतुकानं दाखवलं आणि पुन्हा वाढून घेतलं.

जड सकाळी अजूनही यायच्या. पण आता तो निरोप धाडायचा, "आज जमत नाही." मग कुणीतरी ओढा ओलांडून यायचं आणि नुसतं शेजारी बसायचं.

मुलग्यांनी साळुंकीबाईंचा सत्कार केला. "मी म्हटलंच होतं, जागा बदला," त्या म्हणाल्या. रखमा तेव्हा पाहुण्यांची पानं मांडत होती.

तात्पर्य : घरातलं म्हातारं माणूस उदास असेल, तर सगळ्यांनी बसून खूप चर्चा करावी, तज्ज्ञ आणावेत, जागा बदलून पाहाव्यात. फक्त त्यालाच विचारू नये. त्यानं उत्तर देण्याचा धोका असतो.