चिमूटभर बी

मी साखर कारखान्यात पाक शिजवतो. उसाचा रस आटून त्यात दाणा कधी धरणार, हे मी नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून सांगतो! पण सासूबाईंना त्याचं काय? लग्नात त्यांनी मला 'कढईवाले' असं नाव ठेवलं, ते अकरा वर्षं झाली तरी तेच. परवा त्या चार दिवस राहायला आल्या आणि मी चंगच बांधला. त्यांच्या डोळ्यांदेखत उसापासून साखर करून दाखवायची! एकदा तरी त्यांच्या तोंडून 'जावईबापू' ऐकायचं होतं.

"अहो, पण आईला साखर आहे," बायको म्हणाली.

"असू दे! माझी तिच्याहून ताजी!"

ऊस तोडताना सुरी बोथट झाली, मिक्सरने दोनदा मान टाकली, रस गाळायला माझा नवा शर्ट कामी आला. कणभर चुना घालून मळ वर आणला, काढून टाकला आणि पातेलं शेगडीवर चढवलं. सासूबाई स्टुलावर बसून टक लावून बघत होत्या. चक्क प्रश्न विचारत होत्या!

तेवढ्यात कारखान्यातून फोन. "पाक अडकलाय, असशील तसा ये!"

"आई, पातेलं तुमच्यावर सोपवतो. पाक घट्ट झाला की फोन करा," म्हणून मी पळालो.

तासाभराने त्यांचा फोन आला, तेव्हा माझ्या कानाशी तीन यंत्रं धडधडत होती.

"अहो, घट्ट झाला! आता?"

"आता बी टाका!"

"कशाचं बी?"

"हो, हो, बीच! चिमूटभर! मग बघा कसा दाणा धरतो!"

आमच्याकडे बी म्हणजे साखरेचीच बारीक पूड. ती पाकात पडली की तिच्याभोवती दाणे वाढतात. कारखान्यात हे वॉचमनलासुद्धा ठाऊक असतं. घरी सांगायचं तेवढं राहून गेलं.

परत आलो, पातेल्यात डोकावलो आणि उडालोच. तांबूस पाकात पिवळसर दाणेच दाणे!

"धरला! दाणा धरला! आई, पहिला मान तुमचा!"

त्यांनी चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घास गिळला. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

"छान... झालीय," त्या कशाबशा म्हणाल्या.

मला अगदी भरून आलं. मीही मोठा चमचा भरून तोंडात टाकला आणि थेट नळाखाली डोकं घातलं.

"आई! काय टाकलंत?"

"बी! खिडकीतल्या बाटलीतलं, मिरचीचं. म्हटलं, कारखान्याची काही युक्ती असेल. तुमच्या कामात कमी पडायला नको, म्हणून चांगलं मूठभर टाकलं!"

बायको धावत आली. "आईला दिलीत? अहो, डॉक्टरांनी गोड बंद केलंय तिचं! सकाळपासून सांगतेय, आईला साखर आहे, आईला साखर आहे!"

मी ओशाळलो. "मग खाल्लीत कशाला, आई?"

"एवढ्या हौसेने केलीत, नाही कशी म्हणू?" पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पण जावईबापू..."

जावईबापू! मी नळ बंद केला आणि कान टवकारले.

"...पुढच्या वेळी मीठ करा!"