आवाजाला एबी, बेसला डी

गाडीत अॅम्प्लिफायर बसवायचा, हा निर्णय मी चपात्या लाटता लाटता घेतला. माझे बहुतेक मोठे निर्णय ओट्याशीच झालेत. साठी उलटल्यावर गाडी शिकायचं ठरवलं ते डोसा उलटताना. (डोसा करपला. गाडी मात्र आली.)

फोन स्पीकरवर होता. पुण्याहून आमच्या विहीणबाई, वनजाताई, बोलत होत्या. माझा मुलगा रक्षित, त्याची बायको नमिता, आणि नमिताच्या या आई. दसऱ्याला म्हैसूरला येते म्हणाल्या. या म्हटलं. मग बोलता बोलता त्या म्हणाल्या, "भवानीबाई, खरंच तुमचं कौतुक वाटतं हो. इतक्या पिढ्या तिकडे राहूनही तुम्ही मराठी बोलायचा प्रयत्न करता."

प्रयत्न! लाटणं हातात होतं, पण पुणं लांब होतं.

अहो, आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडे गेले, तलवारी गेल्या, मराठी नाही गेली. मी शाळेत गेले ती चौथीपर्यंत, तीही कन्नड शाळा. मराठी वाचायला माझी मी शिकले, सोलापूर-साताऱ्याकडच्या नातेवाइकांनी पाठवलेल्या लग्नपत्रिकांवरून. (त्यामुळे सुरुवातीला माझं मराठी फारच आग्रहाचं होतं. चहाला बोलवायचं तरी सहकुटुंब, सहपरिवार बोलवायची.) इंग्रजी शिकले इस्त्री आणि मिक्सरबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांवरून. आमच्या चामराजपुरम भागात कुणाचाही मिक्सर बंद पडला तर तो आधी माझ्याकडे येतो, मग दुकानात जातो. आणि मी म्हणे प्रयत्न करते!

पण तोंडाला तोंड देणं हा माझा स्वभाव असला तरी व्याह्यांशी ते बरं दिसत नाही. मी दुसरा डाव टाकला. माझ्या आईचं एक गाणं आहे. घोड्यांची चंदी शिजायला ठेवली की आमच्या घरातल्या बायका ते म्हणायच्या. आईच्या आईने तिला दिलं, तिने मला दिलं. आज सगळ्या म्हैसुरात ते फक्त मला येतं. (म्हणजे निदान मी तरी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही, आणि मी विचारायलाही गेलेले नाही.) हे गाणं मी लाकडी पाटावर हाताने ठेका धरून फोनमध्ये म्हणून ठेवलं होतं. वनजाताईंना बेट्टदपुरला देवाला घेऊन जायचं, गाडीत ते गाणं लावायचं आणि गप्प बसायचं. समोर बसून गायलं तर ते मागून घेतलेलं कौतुक. गाडीत आपोआप लागलं पाहिजे, त्यांनी कान टवकारून विचारलं पाहिजे, "अगबाई, इतकं जुनं मराठी? कोण गातंय?" मग मी समोरच्या रस्त्यावरची नजर न हलवता म्हणणार, "मीच."

अडचण एकच. माझ्या गाडीतून तो आवाज असा यायचा की जणू मी हंड्यात तोंड घालून गातेय. म्हणून अॅम्प्लिफायर.

मी अभ्यासाला लागले. कुणाला विचारून वस्तू घेणं मला जमत नाही, मी आधी शिकते, मग दुकानदाराला शिकवते. चष्मा लावून फोनवर सगळे व्हिडिओ पाहिले, माहितीपत्रकं वाचली. अॅम्प्लिफायरमध्ये वर्ग असतात. ए क्लासचा आवाज राजेशाही, पण तो सारखा तापतो आणि बॅटरी खातो. डी क्लास थंड राहतो, थोड्या विजेत भरपूर जोर काढतो, पण तो खालच्या धुमधुमीसाठी जास्त वापरतात. मधला एबी. माणसाचा आवाज स्वच्छ हवा असेल तर एबी.

आमचे हे, संताजीराव, सरकारी कचेरीतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेत. पेपर वाचत होते. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे ए ग्रुप नुसता तापतो आणि काम कमी करतो?" त्यांनी विचारलं.

"होय."

"आणि डी ग्रुप गुपचूप सगळं ओझं उचलतो?"

"होय."

"आणि मधला एबी?"

"तो दोघांचं सांभाळून घेतो."

"अगं, ही तर आमची कचेरी!" ते म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

त्यांची परवानगी मिळाली असं धरून मी बन्नीमंटपाकडच्या हयग्रीवच्या दुकानात गेले. हयग्रीव म्हणजे पन्नाशीचा गडी, कानात बाळी, बोलताना स्वतःच्याच पोटावर ठेका धरणारा. मराठीचं अक्षर त्याला येत नाही. आम्ही कन्नडमध्येच बोललो, इथे मी तुमच्यासाठी मराठीत लिहिते.

पायरीवरूनच मी अट घातली. "आवाज स्वच्छ हवा. बास बेड."

(बेड म्हणजे नको. बास म्हणजे ती पोटात होणारी धुमधुम. इंग्रजीत बी-ए-एस-एस. इस्त्रीच्या माहितीपत्रकात हा शब्द कधी आला नव्हता, त्यामुळे त्याचा उच्चार मी माझ्या हिमतीवर ठरवला होता.)

हयग्रीवने कोपरापासून हात जोडले. "छे छे अज्जी! इथे दुसरा कोण बासु? नीवे बासु!"

तुम्हीच बासु, म्हणजे काय ते मला कळलं नाही. पण हात जोडून बोलला, म्हणजे अट मान्य असणार.

मग त्याने वस्तू काढल्या. "हा बघा, एबी क्लास. चार चॅनेल. दोन पुढच्या स्पीकरना, दोन मागच्या. शब्द न् शब्द ऐकू येईल."

"बेस!" मी म्हणाले. ही माझ्या वडिलांची सवय. मनासारखं काही दिसलं की ते "बेस" म्हणायचे, तशी मीही म्हणते.

हयग्रीवचा ठेका थांबला. "बेस? अज्जी, तुम्हाला बेस?"

"मग! बेस म्हणजे बेस!"

"अय्यो, नोडी, नोडी!" त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाला कोपराने ढोसलं. "बघा हो, या वयात बेस म्हणतात!"

मला भरून आलं. म्हटलं, याच्याकडे मराठी गिऱ्हाइकं येत असणार, गड्याने एक शब्द तरी उचललाय. तिकडे पुण्यात म्हणतात आमची मराठी संपली, इकडे ती बन्नीमंटपात दुकानदाराच्या तोंडी बसलीय.

"मग जोडीला हा डी क्लास घेऊ," तो म्हणाला.

"मी एबी म्हटलं ना?"

"एबी असू द्या की. आवाजाला एबी, बेसला डी!"

मी विचार केला. एबी चांगला, डी जोडीला असला तर बेस, असं म्हणतोय. दोन्ही वर्ग हाताशी असले तर माझ्या अभ्यासातली उरलीसुरली चूकही झाकली जाईल. (मी चुकत नाही. पण मिक्सरलासुद्धा जास्तीचं भांडं असतंच की.)

मग त्याने डिकीत एक काळं खोकं चढवलं. त्यात सबंध कलिंगड मावलं असतं.

"हे कशाला?"

"बेस!" तो अंगठा दाखवत म्हणाला.

"बेस, बेस," मीही म्हणाले. दोघांचं किती छान जमत होतं!

वायरी जोडून झाल्यावर मी पुढे बसून हळू आवाजात रेडिओ लावला. बातम्या चालू होत्या. त्या बाईचा एकेक शब्द पाण्यासारखा नितळ. "बेस!" मी ओरडले. मागे डिकीत हयग्रीवने अॅम्प्लिफायरचा एक स्क्रू फिरवला. "वा, बेस!" त्याने आणखी फिरवला. माझं मन इतकं भरलं होतं की बातम्या संपून हवामान सुरू झालं तरी मी बेस-बेस करतच होते. शेवटी तो घाम पुसत खिडकीशी आला. "अज्जी, आता स्क्रू संपला."

मला वाटलं, काम नीट पार पडलं की यांच्या धंद्यात असं म्हणत असतील.

वनजाताई आल्या. दसरा झाला, हत्ती झाले, त्यांच्या पायांना सूज येऊन ती उतरलीही. मग आम्ही बेट्टदपुरला निघालो. मी चालवायला, शेजारी संताजीराव, मागे वनजाताई आणि नमिता. हुणसूर सोडलं, रस्ता मोकळा झाला, आणि चुकून हात लागल्यासारखं करून मी बटण दाबलं. मागच्या सीटपर्यंत पोचावं म्हणून आवाज चांगला वाढवला.

धुम्म!

आरशाला टांगलेला गणपती उडून संताजीरावांच्या मांडीवर पडला.

धुम्म! धुम्म!

तो माझा हात होता. लाकडी पाटावरचा. त्याच्या मागे कुठेतरी, सात भिंतींपलीकडे, एक बाई कळवळून काहीतरी सांगत होती. तीही मीच.

"अगं, तोफा कोण उडवतंय?" संताजीराव ओरडले.

"गाणं आहे!"

"कुणावर?"

मागच्या काचेने थरथर धरली. पूजेच्या पिशवीतला नारळ टुणटुण उड्या मारत वनजाताईंच्या सुजून उतरलेल्या पायावर गेला. पण त्या पडल्या शहाण्या बाई. चष्मा सावरत मोठ्या आवाजात म्हणाल्या, "राहू द्या हो, राहू द्या! अगदी घरच्यासारखं वाटतंय! आमच्याकडे विसर्जनाला रात्रभर असंच असतं!"

माझ्या आईचं गाणं, आणि विसर्जन! एवढ्यात बाजूने मोटरसायकलवर दोन तरुण आले. गाडीच्या आतून येणाऱ्या ठेक्यावर खांदे उडवत त्यांनी मला सलाम ठोकला. "अज्जी सूपर! फुल बेस! नीवे बासु!"

आणि तिथे, ताशी चाळीसच्या वेगात, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बासु म्हणजे बॉस. बॉस म्हणजे साहेब. मी दुकानात जाऊन काय म्हणाले, तर मला साहेब नको. आणि ज्याला मी बास म्हणत होते त्याला अख्खं जग बेस म्हणत होतं. म्हणजे जितक्यांदा मी खूष झाले, तितक्यांदा त्या बिचाऱ्याने स्क्रू पिळला. स्क्रू संपेपर्यंत मी खूष होते!

मी गाडी चिंचेखाली घेतली.

"त्या दुकानदाराला फोन लावू?" संताजीरावांनी विचारलं.

"का? मी मेलेय?"

पदर खोचला, डिकी उघडली. लोक घाबरतात ते वायरींच्या गुंत्याला, पण गुंता कुठेच नसतो, प्रत्येक वायर आपल्या घरी जात असते. डी क्लासचा फ्यूज वेगळा होता. तो चिमटीत धरून उपटला. काळं खोकं मुकं झालं. एबीला हात लावला नाही, कारण एबी मी निवडला होता.

पुन्हा गाडीत बसले, गाडी रस्त्याला लावली. आता चुकून हात लागल्याचं सोंगही केलं नाही, सरळ बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! ठेका पाटावर जेवढा होता तेवढाच, आणि त्याच्या पुढे माझा आवाज, असा की गाणारी मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये येऊन बसावी. श्वास घेतलेला ऐकू येत होता. आवंढा गिळलेला ऐकू येत होता.

बा रे कुदऱ्या, हुरळी खा रे,
बेगबेगी अरमनेला जा रे,
दोरेला बेन्नावर घे रे,
संजेला मनेला ये रे.

(अर्थ सांगायची खरं तर गरज नाही, पण सगळेच वाचक सारखे नसतात. ये रे घोड्या, कुळीथ खा, लवकर लवकर राजवाड्याला जा, राजाला पाठीवर घे आणि संध्याकाळी घरी ये. याहून सोपं मराठी ते काय असणार!)

संताजीराव खिडकीबाहेर बघत होते. माझ्या सासूबाई हे गाणं माझ्याकडून म्हणवून घ्यायच्या, ते त्यांना आठवत असणार. आरशात मी वनजाताईंना बघितलं. डोळे मिटलेले, पदराचं टोक डोळ्यांना. ठरवलं होतं तसं मी नजर समोर ठेवली, पण मान किती ताठ झाली होती ते माझं मला कळत होतं.

गाणं संपलं. वनजाताईंनी डोळे पुसले आणि पुढे वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"भवानीबाई, तुम्ही गायलंत हे?"

"मीच."

"काय तो गळा! आणि यंत्र काय सुरेख निवडलंत हो! एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला."

"एबी क्लास," मी म्हणाले.

"आता मला खरंच वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "उगाच मी आतापर्यंत म्हणायची, कानडी भाषा कानाला कडक लागते म्हणून. केवढी गोड आहे!"

गाडीने एक आचका दिला. क्लचवर माझा पाय होता.

"अहो, मराठी आहे ते!" मी म्हणाले. "'खा रे', 'जा रे', 'घे रे', 'ये रे' ऐकलं नाहीत?"

"हो का?" वनजाताई चकित होऊन म्हणाल्या. "म्हणजे कानडीतही तसंच म्हणतात?"

संताजीरावांना एकाएकी खोकला आला. तो बराच वेळ टिकला. माझं तोंड बघून नमिता घाईघाईने मध्ये पडली. पोर गुणाची आहे, तिला कुणाचं मन दुखावलेलं बघवत नाही.

"आई, मम्मीचं मनावर घेऊ नका हं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष मीसुद्धा तसंच समजत होते. तुम्ही घरात बोलता ते सगळं पाठ करून मी मंडईत कानडी म्हणून बोलायची." तिने कपाळाला हात लावला. "तरीच भाजीवाली माझ्याशी हिंदीत बोलायची."