कोळसा तरंगणार होता

कोळसा पाण्यावर तरंगतो! लावा पैज. मी तरंगवतो!

(तरंगवायचो.)

अंबडच्या एका शेडमध्ये आम्ही कोळसा धुवायचं यंत्र बनवलंय. खाणीतल्या कोळशात दगड इतका, की जाळला की निम्मी राखच उरते. त्यावर इलाज साधा. पाण्यात लोहखनिजाची बारीक काळी पूड घोटायची. पाणी जड होतं, हलका कोळसा वर येतो, दगड खाली बसतो. तीन वर्षं हंगामी म्हणून मी हेच घोटतोय.

"समाधान," खैरनारसाहेब म्हणाले होते, "सोमवारी चंद्रपूरच्या खाणीची मंडळी येतायत. कोळसा तरंगला की कायम केल्याचं पत्र तुझ्या हातात!"

पत्र त्यांच्या खिशात होतं. मी कोपरा पाहिला होता!

शनिवारी मी झाडलोट करणाऱ्या झुंबरबाईंना बजावलं, "मावशी, आधी यंत्राची पूजा आहे. सगळं कसं चकाचक पाहिजे!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते विसरता येत नाही.

सोमवार. नारळ फुटला. टाकीला झेंडूची माळ, तोंडावर कोरं कापड, वर दोऱ्याला टांगलेली लिंबू-मिरची. यंत्र एक्स्पोर्टच्या द्राक्षपेटीसारखं नटलं होतं! मी ऐटीत कापड ओढलं, पाहुण्यांकडे बघतच घमेलं ओतलं.

नोंद, ११.१०.
वर: काही नाही.
खाली: दगड. कोळसा. सगळंच.

"अजून एक घमेलं!"

वर: काही नाही.

एक पाहुणे वाकले. "वा! तळ किती स्वच्छ दिसतोय!"

तळ? तळ दिसतोय?

"मावशी!!"

"काय रं?" झुंबरबाई हसतच पुढे आल्या.

"टाकीतलं काळं पाणी कुठंय?"

"सोडून दिलं की. लय घाण व्हतं बाबा! पूजेला असलं पानी? काल रविवारी मुद्दाम आले. तळाला गाळ तर हातभर! घासघास घासला, नळाचं ताजं भरलं."

"आणि गाळ?"

"गटारीत."

दोनशे किलो पूड!

आमचा वेल्डर दीपक जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून गटारीकडे पळाला. चहाच्या कपात मावेल एवढी पूड घेऊन आला. ती टाकीत सोडताना त्याचा हात दोऱ्याला लागला.

नोंद, ११.४०.
वर: लिंबू.

"यात राखेचं प्रमाण किती?" पाहुण्यांनी विचारलं.

मी पायाखालची फरशी मोजत राहिलो. तीही घासलेली होती.

जाताना त्यांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं: 'यंत्र चालत नाही. स्वच्छता मात्र अप्रतिम!' खैरनारसाहेबांनी ते दोनदा वाचलं. खिशातलं पत्र काढलं. नाव बदलून नवं टाइप करायला सांगितलं.

संध्याकाळी झुंबरबाई पेढे घेऊन आल्या. चार वर्षं हंगामी होत्या त्याही.

"घे रं. मला कायम केलं! तूच म्हनला व्हता ना, चकाचक पाहिजे?" मग मायेने पाठीवर हात ठेवून, "तुझं कधी व्हनार रं?"

नोंद, ६.०५.
वर: काही नाही.
खाली: पेढा. मी.