शेषेराव इशारा वाचतात

राज्यकारभार सुरक्षित ठेवायचा तर त्यात शक्यतो कोणी शिरू नये, हे तत्त्व निर्विवाद आहे. म्हणूनच दाखले देणाऱ्या संगणकावर आता पासवर्डाच्या आधी इशारा येतो: 'ही शासकीय प्रणाली आहे. आपल्या हालचालींवर देखरेख आहे. अनधिकृत वापर शिक्षापात्र आहे.' अशी अकरा कलमं, आणि खाली हिरवं बटण: 'वाचले, समजले, मान्य.'

हे बटण राज्यभर सरासरी पाऊण सेकंदात दाबलं जातं. (वाचनवेगात आपला हात कोणी धरणार नाही.) अपवाद एकच, उमरीकडच्या एका सेवा केंद्रातले शेषेराव. (केंद्राचं नाव देत नाही, चौथ्या कलमात मनाई आहे.) 'वाचले' म्हणायचं तर वाचलं पाहिजे, असा त्यांचा प्रामाणिक समज. शिवाय पाचव्या कलमात 'पडद्यासमोरील सर्वांस अवगत करावे' असं होतं, म्हणून ते मोठ्यानं वाचत. रांगेतली माणसं गोंधळ-भारुडात मुरलेली. कोणी सांगू लागलं की हुंकार द्यायचा, ही त्यांची रीत. प्रत्येक कलमाला "हाव जी!" उठे. मग शेषेरावांनाही सूर लागे, आणि ते ओवीसारखी ओळ दोनदा घेत.

प्रणाली दोन मिनिटंच थांबते. सहाव्या कलमाला पडदा विझे, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात अनधिकृत प्रवेश शून्य. अधिकृतही शून्य. केंद्राला सुरक्षेचं प्रशस्तिपत्र आलं.

रांगेत ऋतुजा होती, आई चतुराबाईसोबत. नर्सिंगच्या प्रवेशाला नॉन-क्रिमीलेअर दाखला हवा होता. शेवटचा दिवस, पाचपर्यंत. दाखला मंजूर होता, नुसता छापायचा राहिला होता. पावणेपाच झाले.

"शेषेराव मामा, दाबा की ओ!" चतुराबाई म्हणाल्या.

"न वाचता मान्य म्हणू? खोटं हुईल, बाई."

"आन् माझी लेक घरी बसंल, ते?"

"त्याचं कलम न्हाई यात."

"हाव जी!" रांग सवयीनं म्हणाली.

ऋतुजानं खिडकीतून हात घातला आणि बटण दाबलं. आता दाबलंच हाय तर, म्हणून शेषेरावांनी पासवर्ड टाकला. दाखला निघाला. ती पळत सुटली, वेळेत पोचली, प्रवेश झाला.

देखरेख होतीच. आठव्या दिवशी अनधिकृत वापराची चौकशी लागली. रांगेतली एकोणचाळीस माणसं पोरीच्या बाजूनं उभी राहिली. "आमी काहीच पाह्यलं न्हाई, साहेब!" साहेबांनी छापील कागद पुढं केला. त्यांनी बोट ठेवलं तिथं सगळ्यांनी सह्या केल्या. कागदावर होतं: 'सदर मुलीने बटण दाबताना आम्ही समक्ष पाहिले.' दाखला रद्द. जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला.

चतुराबाईंनी अपील केलंय. वरचे साहेब म्हणाले, वाचून सही करणारा एक साक्षीदार आणा, पोरीची जागा परत मिळेल. शेषेराव तयार आहेत, पण ते अजून अपिलाचा नमुना वाचून राहिलेत. दुसरा कोणी सापडेना. तुम्ही शिकलेले, पुस्तकं वाचणारे. तुमचं नाव सुचवावं म्हणतो. एवढंच सांगा, काल फोनच्या पडद्यावर तुम्ही कशाला 'मान्य' दाबलंत?

सावकाश आठवा. चतुराबाई थांबल्या आहेत.