मोजणीदाराचा वाडगा

आमचे शेजारी गजाभाऊ जेवण वाढत नाहीत, मोजतात. रिकामा वाडगा समोर आला की आधी त्याच्यावर हवेतच बोटाने रेषा ओढतात आणि विचारतात, "लगतचे खातेदार हजर आहेत?" खातेदार मी एकटाच. मी "हजर" म्हणायचं. मग ते म्हणतात, "हरकत असेल तर आत्ताच. मागाहून अर्ज चालणार नाय." त्यानंतरच भात पडतो.

गजाभाऊ निवृत्त भूमापक. सगळी नोकरी पेणच्या बाजूला शेतजमिनी मोजण्यात गेली. आता रोह्यात आमच्या भिंतीला भिंत लावून एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लांब सासरी. त्यांचं नाव गाळून चारचौघांत मी एक खोटी गोष्ट सांगून बसलो आहे. ती खोडायची म्हणून हे लिहितो.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. नात फोनवर तोंड दाखवायची तेव्हा मी "छान दिसतेस गो" म्हणायचो. दिसायचा नुसता उजेड. पेणच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला नकार दिला. म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण आधी साखर खाली आणा. भात कमी करा.

भात कमी करा हे आमच्याकडे सांगणं सोपं. मी धाटावच्या कंपनीत तिन्ही शिफ्ट केलेला माणूस, आणि तिन्ही शिफ्टला भातच खाल्लेला. त्यात आमच्या मंडळींचा हात सढळ. अर्धा भात मागितला की ती अर्धा वाढायची, आणि उरलेला अर्धा "पातेल्यात कशाला ठेवू" म्हणून पुन्हा वाढायची. दोनदा पेणला गेलो, दोन्ही वेळा साखर चढलेलीच निघाली आणि दोन्ही वेळा वडखळच्या नाक्यावर वडापाव खाऊन तसाच परत आलो.

हे गजाभाऊंच्या कानावर गेलं. ते आमच्या दारात येऊन म्हणाले, "वहिनी, यांच्या ताटात भाताने अतिक्रमण केलंय. उद्यापासून दुपारी माझ्याकडे पाठवा."

"डबा करून द्या की भावोजी. कशाला तुम्हाला त्रास?"

"डबा नाय. तुमच्या दारापर्यंत येईतो त्यातला भात वाढतो."

त्यांच्या वाडग्याचा कायदा असा: भाजीला आठ आणे हिस्सा, कडधान्याला चार आणे, धान्याला चार आणे. जमिनीच्या वाटण्या करतात तशा. धान्य म्हणजे हातसडीचा तांदूळ आणि वरी एकत्र शिजवलेली, कधी नाचणीची उकड. कडधान्यात बहुतेक वाल. ते रात्री भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग एकेक सोलत बसायचं. वाल सोलताना ते बोलत नसत. भाजीत वाफवलेला भोपळा, घोसाळं, लसणीवर परतलेला शेवग्याचा पाला, आणि कच्ची काकडी, पांढरा कांदा. सगळं शेजारी शेजारी, मिसळायचं नाही. तीळ-शेंगदाण्याची चटणी कोकमाच्या आगळात पातळ करून या सगळ्यांच्या मधून सोडायची. "प्रत्येक हिश्श्याला रस्ता पायजे," ते म्हणायचे. "नायतर माणूस एका कोपऱ्यात जेवतो आणि बाकीची जमीन पडीक राहते."

एकदा मी बटाटा मागितला. भाजीच आहे म्हटलं.

"बटाटा बोगस खातेदार. नाव भाजीत लावतो, वहिवाट भाताची करतो."

"अहो, एक चमचा इकडेतिकडे झाला तर काय होतंय?"

"चमच्यानेच सुरुवात होते नाना. पुढं नातवंडं कोर्टात जातात."

बाजारातही तेच. नदीकाठच्या वाडीवरची एक बाई भाजी घेऊन बसते. हे तिच्याकडचं पडवळ हातात धरून डोळ्यासमोर आडवं करून बघायचे. ती म्हणायची, "मोजणीदार, पडवळाचा पन नकाशा काढताव काय?"

"वाकडं हाय गो."

"मंग सरळ रूळ खावा. टेशनात पडलेत."

पहिले आठ-दहा दिवस मी गुरासारखा चावत बसलो. मग एके दिवशी वालाची चव भाताशिवाय लागली आणि मला माझंच आश्चर्य वाटलं. दुपारची झोप पातळ झाली. कमरेचा पट्टा आत गेला. आमच्या मंडळींनी न बोलता घरी पातेलं लहान काढलं, हा त्यातला सगळ्यात मोठा विजय.

पुढच्या वेळी पेणला गेलो तेव्हा गजाभाऊ सोबत आले. माझी फाईल मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा काढला, पुन्हा पाहिला.

"काय केलंत काय तुम्ही?"

"मनावर घेतलं," मी म्हणालो.

ऑपरेशन झालं. पट्टी निघाली आणि नातीच्या नाकावरचा तीळ फोनवर दिसला. मी त्या आनंदात मनावर घेतल्याची गोष्ट रोहाभर सांगत सुटलो. ज्येष्ठ नागरिक संघाने जिद्दीबद्दल माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, माईक. कुंडलिकेच्या काठाने केलेल्या सकाळच्या फेऱ्या, जिभेवरचा ताबा, कंपनीतली शिस्त, सगळं बोललो. फेऱ्या तर मी मारल्याच नव्हत्या. शेवटच्या रांगेत गजाभाऊ बसले होते. नव्या डोळ्याने मला ते स्वच्छ दिसत होते. टाळ्या वाजवत होते, आणि इतरांपेक्षा जास्त वेळ वाजवत होते.

घरी आल्यावर मंडळी म्हणाल्या, "मनावर घेतलंत व्हय? मग इतके दिवस पलीकडच्या घरात वाल कोण सोलत होतं, तुमचं मन?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाल घेऊन पलीकडे गेलो. वाडगे मांडलेले नव्हते. गजाभाऊ ओट्याशी उभे राहून पातेल्यातूनच काहीतरी खात होते. मला बघून ओशाळले.

"काल तुमचं नाव घ्यायचं राहिलं," मी म्हणालो. "राहिलं नाही. मी घेतलं नाही."

"बरं केलंत. मोजणीदाराचं नाव निघालं की कोणीतरी हरकत घेतोच."

मी शाल पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. खुर्ची ओढून बसले.

"नाना, मोजणीला गेलो की बांधाच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून फोडणीचा वास यायचा. एकाकडे जेवलो तर दुसरा म्हणणार, मोजणीदार फुटला. म्हणून कुणाकडे पाणी पण नाय घेतलं. डबा घेऊन झाडाखाली, लोकांकडे पाठ करून बसायचो. ती होती तेव्हा रात्री तरी समोर कोणी असायचं. मग ते पण गेलं." ते पुढे म्हणाले, "तुम्ही यायला लागलात आणि मला परत नीट जेवण करायचा हुरूप आला. खरं सांगू? तुमचा रिपोर्ट चांगला आला ना, तेव्हा बाहेर बाकावर मला जरा वाईटच वाटलं. म्हटलं, आता हे कशाला येतात."

फळीवरचे दोन्ही वाडगे मीच काढले आणि टेबलावर ठेवले.

"डावा डोळा राहिलाय," मी म्हणालो. "त्यातही मोतीबिंदू आहे. अजून पिकायचाय."

गजाभाऊ उठले. माझी हनुवटी धरून चेहरा खिडकीकडे वळवला, एक डोळा मिटून माझ्या डाव्या डोळ्यात बराच वेळ पाहत राहिले.

"याला वेळ लागेल," ते म्हणाले, आणि विळी घ्यायला वळले. "चांगला वेळ लागेल."